रोडवर का वावरमा?

खाली बसवलेली गाडी वेगवान दिसते, यात वाद नाही. जळगावला आकाशवाणी चौकात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं तरी अशी एखादी नजरेस पडतेच. टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम बोटभर फट, मागची काच काळी, सायलेन्सर गावाला ऐकू जाणारा. पुढे स्पीडब्रेकर आला की हीच गाडी तिरपी होते आणि एकेक चाक उचलत, पोट सांभाळत तो ओलांडते. मागचा रिक्षावाला तोवर हॉर्नवरून हात काढत नाही.

मला नाद लागला तो ऑटोक्रॉसचा, आणि त्यातली गाडी नेमकी उलट्या डोक्याने तयार करावी लागते. मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद वाढतात, मार्ग चुकला तर त्याहून जास्त. सगळा खेळ मिनिटा-दीड मिनिटाचा. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर इंजिन किती पळतं याला तिथे फार किंमत नाही. किंमत आहे ती गाडी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे किती निमूट वळते याला. म्हणजेच टायरला आणि सस्पेन्शनला.

इंटरनेटवर यावर वाचायला लागलं की सगळा सल्ला अमेरिकेतून येतो. तिकडचा ऑटोक्रॉस डांबरावर, मोठ्या पार्किंगमध्ये नाहीतर जुन्या धावपट्टीवर होतो. तिथल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेचे नियम बारकाईने वाचण्यासारखे आहेत, पण त्यावरून गाडीला काय लावायचं हे ठरवू नये. इंग्लंडमध्ये हाच खेळ गवतावर किंवा कापणी झालेल्या शेतात खेळतात, तो आपल्याला जास्त जवळचा. आपल्याकडे मैदान मुरुमाचं, मातीचं. डांबरासाठी शिफारस केलेलं चिकट, गुळगुळीत टायर आपल्या मुरुमावर लावलं तर पैसे गेले आणि पकडही गेली.

खानदेशात सरावाला जागा मिळते ती जिनिंगच्या आवारात. ओळखीच्या मालकाने हो म्हटलं तर याहून चांगलं मैदान नाही. हंगामात जिथे कापसाच्या गंजी लागलेल्या असतात आणि ट्रॅक्टरच्या रांगा गेटाबाहेर जातात, ते सगळं आवार एप्रिल-मेमध्ये रिकामं असतं. जमीन ट्रकांच्या ये-जा करण्याने दाबली गेलेली. वर बोटभर भुसभुशीत मुरूम, खाली कडक थर, मध्येच पावसाने पडलेल्या घळी. काळ्या रानात हा खेळ जमत नाही. उन्हाळ्यात त्याला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर चाकाला मातीचे गोळे चिकटतात. मुरूम पाणी धरत नाही आणि फुगतही नाही, म्हणून तो बरा.

माझी गाडी जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट, एमएच १९ पासिंग. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात; मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पिळ घेणारी आडवी तुळई. तिला थोडी खाली बसवावी असं माझ्याही मनात होतं. आमच्या मिस्त्रींना सगळे जिभाऊ म्हणतात. अर्धं आयुष्य त्यांनी अमळनेर-चोपडा-पारोळा फिरणाऱ्या काळीपिवळी जीपांच्या खाली झोपून काढलंय. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “गाडी रोडवर पयाडनी शे का वावरमा?” म्हणजे, रस्त्यावर पळवायची आहे की शेतात?

या एका प्रश्नात सस्पेन्शनचं निम्मं पुस्तक येतं, हे मला गणित मांडल्यावर पटलं. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे फक्त चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. उदाहरणादाखल हजार किलोची गाडी धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, चाकांमधलं अंतर १४७ सेंटिमीटर आणि मुरुमावर मिळणारी पकड ०.६ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या सहा दशांश. गुणाकार-भागाकार केला की साधारण २२४ किलो आतून बाहेर सरकतात. आता गाडी ३ सेंटिमीटर खाली बसवा. उत्तर येतं २१२. म्हणजे कमावले १२ किलो. त्या बदल्यात चाकाला वर जायला जी सात-आठ सेंटिमीटर जागा होती, त्यातली ३ गेली. घळ आली की सस्पेन्शन थेट रबराच्या बंपस्टॉपवर आपटणार, आणि आपटलं की त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी. चाक उसळतं, जमीन सोडतं, आणि हवेत असलेलं चाक गाडी वळवत नाही.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक गोम आहे. गाडी खाली आली की चाकांना गाडीशी जोडणारे खालचे आर्म आडवे होतात, पुढे उलटे कलतात. त्यामुळे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि तेवढ्याच कडक स्प्रिंगवर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. झुकू नये म्हणून खाली बसवलेली गाडी जास्त झुकते! मग लोक आणखी कडक स्प्रिंग टाकतात आणि दोष रस्त्याला देतात.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगचं वेटोळं कापणाऱ्यांचा तर वेगळाच कारभार. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या चालू वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की पाच उरली, म्हणजे कडकपणा २० टक्क्यांनी वाढला. इथवर ठीक वाटेल. पण कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन सरकते. काही जण कापण्याऐवजी गॅसने तापवून बसवतात. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं, मग ती स्प्रिंग रोज थोडी थोडी बसतच जाते. अशी गाडी माझी असती तर मी तिच्यातून पोरांना शाळेत सोडलं नसतं, शंकूंची गोष्ट दूर.

कडक म्हणजे चांगलं हा समज आपल्याकडे ट्रकांकडून आला असावा. जास्त माल भरायचा म्हणून कमानीत पाटा वाढवून घेतात. भरलेला ट्रक मग ताठ चालतो. तोच ट्रक रिकामा परत येताना बघा, मागची चाकं डांबरावर नाचतात. स्प्रिंग तीच, वर वजन नाही. स्प्रिंग आणि तिच्यावरचं वजन मिळून गाडीची स्वतःची एक झुलण्याची लय ठरते. घरच्या गाड्यांची लय सेकंदाला एक ते दीड झोक्यांची असते. एका चाकावर २८० किलो आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन असेल तर उत्तर १.३च्या जरा वर येतं. डांबरी ट्रॅकवरच्या गाड्या दोनच्या पुढे नेतात, कारण तिथे जमीन सपाट आहे आणि चाकाला वर-खाली फारसं जायचंच नाही. मुरुमावर चाकाने जमिनीची प्रत्येक खोच चाटत गेलं पाहिजे. म्हणून स्प्रिंग कंपनीची, उंची कंपनीची. रॅलीवाल्यांच्या गाड्या कशा उंच आणि मऊ दिसतात, हे नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रला गेलेल्यांनी पाहिलंच असेल. जिप्सीसारखी चारही चाकांना पाटे असलेली, सरळ अ‍ॅक्सलची जुनी गाडी आपल्याकडच्या मातीवर इतकी वर्षं टिकून राहिली, तीही उगाच नाही.

मग बदलायचं काय? माझ्या मते पहिला पैसा शॉकअपवर जावा. वजन किती सरकणार हे शॉकअप ठरवत नाही, पण ते किती लवकर सरकणार हे तोच ठरवतो. ऑटोक्रॉसमध्ये गाडी एका वळणात स्थिर होण्याआधीच दुसरं वळण येतं, तेव्हा सगळा खेळ या सरकण्याच्या वेळेतच असतो. शॉकअपला दोन कामं आहेत, दबताना विरोध करणं आणि उघडताना विरोध करणं. उघडतानाचा विरोध फार ठेवला तर ओळीने आलेल्या खाचांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक खाचेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर चालायला लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडी काय कडक बसलीय! आत बसलेल्याच्या कंबरेला खरं काय ते कळतं. जुन्यातच नवं तेल भरून दिलेले शॉकअप मी घेत नाही. जाड तेल घातलं की हाताला कडक लागतात, पण आतल्या झडपा झिजलेल्या त्या झिजलेल्याच. कंपनीच्या मापाचे, गॅस भरलेले नवे शॉकअप थोडे महाग पडतात. पण सलग फेऱ्यांत तेल तापून त्यात बुडबुडे धरण्याचा त्रास त्यांत बराच कमी होतो. जिभाऊ काही बॉनेट दाबून शॉकअप पारखत नाहीत. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पळवून बघतात तसं ते गाडी आवारात एक फेरी मारून आणतात आणि मग बोलतात.

शॉकअपच्या दांड्याला एक प्लास्टिकची झिप-टाय बांधून ठेवायची, ही युक्ती फुकटातली आणि फार कामाची. फेरी झाली की ती कुठवर सरकली ते बघायचं. बंपस्टॉपला टेकली असेल तर आपण कुठेतरी आपटलो आहोत, सीटवर जाणवलं नसलं तरी.

दुसरा पैसा बुशांवर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांवर. फारच नीरस खर्च आहे, फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. लोअर आर्मचं बुश फाटलं असेल तर ब्रेक लावताना चाक मागे सरकतं, टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलतो आणि गाडी कधी इकडे ओढते कधी तिकडे. लोक अलाइनमेंट करून करून थकतात. कंपनीचे नवे रबरी बुश, नव्या लिंक रॉड, घट्ट बॉल जॉइंट, एवढ्यावर जुनी गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. पॉलियुरेथेनचे बुश आणखी घट्ट असतात, पण धूळ गेली की कुरकुरतात. आपल्याकडे धूळ किती, हे सांगायला नको.

टायरच्या बाबतीत मी कंपनीच्या कागदाबाहेर गेलो नाही. या स्विफ्टला खालच्या व्हेरियंटमध्ये १६५/८० आर १४ आणि वरच्यात १८५/७० आर १४ टायर येत. दोन्हींचा व्यास काढून बघा, एक सुमारे ६२० मिलिमीटर, दुसरा ६१५. स्पीडोमीटरला फरक कळत नाही, मडगार्डला घासत नाही आणि रुंदी २० मिलिमीटरने वाढते. मैदानासाठी त्याच मापात जरा उघड्या नक्षीचं टायर निवडलं. हवेचा दाब हे सगळ्यात स्वस्त सेटिंग आहे, फक्त एक चांगला गेज हवा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो. मेमध्ये सकाळी सातला आवारात २८ अंश असतात आणि दुपारी ४५. सकाळी भरलेली हवा दुपारी नुसत्या उन्हानेच ३ पीएसआयने वाढलेली असते, चाक फिरून तापलं ते वेगळंच. दुपारी गाडी घसरायला लागली की लोक ड्रायव्हरला नावं ठेवतात.

आता कायद्याकडे येतो, कारण ही गाडी ट्रेलरवर बसून मैदानावर जात नाही. ती बाजारातही जाते, सासुरवाडीलाही जाते आणि धुळ्याहून दीडेकशे किलोमीटर चालत नाशिकलाही जाते. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. बेकायदा फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर फेरफारामागे, हे नीट वाचावं. सायलेन्सर एक, बाहेर आलेली चाकं दुसरा, असा हिशेब होतो. आरसीवर स्प्रिंगचा आकडा छापलेला नसतो म्हणून स्प्रिंगला मोकळीक आहे, असा अर्थ काही जण काढतात. मी काढत नाही. कंपनीच्या मापाचा झिजलेला भाग नवा टाकणं आणि गाडीची उंची बदलणारा भाग टाकणं, यातला फरक रस्त्यावर उभ्या असलेल्या साहेबांना कळतो.

विम्याचा कागद तर कुणी वाचतच नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. भाड्याने वाहतूक, मालवाहतूक यांच्या शेजारीच आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल ही कामं वगळलेली असतात. म्हणजे मैदानावर गाडी ठोकली तर तो खर्च आपला, हे धरूनच शंकूंच्या मध्ये जायचं. आणि सराव आवारातच, मालकाच्या परवानगीने. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा हा कलम १८९चा गुन्हा आहे. बायपासवर रात्री अकरानंतर ‘टेस्टिंग’ करणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

तिसरा कागद स्पर्धेचा. आपल्याकडे मोटर स्पोर्टचा कारभार १९७१ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाकडे आहे. त्याशिवाय प्रत्येक स्पर्धेची स्वतःची नियमपत्रिका निघते. कोणत्या वर्गात काय चालतं ते तिथे बघायचं, मित्राला विचारून नाही. मघाशी म्हटलेले अमेरिकी नियम मला आवडतात ते इथे. त्यांच्या स्ट्रीट वर्गात स्प्रिंग मूळचीच लागते. शॉकअप बदलता येतात, गाडीचं झुकणं रोखणारा एक अँटी-रोल बार बदलता येतो, पण रिमची रुंदी बदलता येत नाही. म्हणजे रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने घरातल्या गाडीने यावं आणि तरी त्याला काही करून बघायला जागा उरावी, असा तो बेत आहे. आमचं आरटीओ काही या हेतूने नियम करत नाही, पण योगायोगाने दोन्हींचा निकाल सारखाच लागतो. ज्याला बंदी आहे त्यातलं बरंचसं मुरुमावर कामाचं नाही. वर्कशॉपच्या भिंतीवर लावलेल्या फोटोंमध्ये मात्र तेच जास्त असतं.

पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटबद्दल थोडक्यात: टो शून्याच्या आसपास, अगदी किंचित बाहेर. वळण घेताना नाक लवकर आत जातं. फार बाहेर ठेवला तर महामार्गावर गाडी सरळ धरावी लागते आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, खास बोल्ट टाकून एक-दीड अंश मिळवता येतो, पण मऊ मातीवर त्याचा फायदा डांबराइतका नाही. तो मी सोडून दिला.

सध्या जिभाऊंचा आणि माझा वाद चालू आहे तो मागच्या बाजूवरून. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत वळणावर पुढची चाकं आधी थकतात आणि गाडी शंकूच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. वजन एकूण किती सरकणार हे ठरलेलं असलं, तरी त्यातलं पुढच्या जोडीने किती घ्यायचं आणि मागच्या जोडीने किती, हे आपल्या हातात असतं. मागचा कडकपणा वाढवला तर मागची जोडी जास्त वाटा घेते. मागचं आतलं चाक हलकं होतं, कधी उचलतंही, आणि पुढचं आतलं चाक जमिनीवर राहून ओढत राहतं. जिभाऊ म्हणतात, बीमला एक अँटी-रोल बार बसवू. बारचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ घेतला तर १० टक्के जाडीत ४६ टक्के कडकपणा. म्हणून बार निवडताना दोन मिलिमीटर ही लहान गोष्ट नाही. माझं म्हणणं, मूळ गाडीत तिथे काहीच नसताना नवा बार लावला तर मी स्टॉक, म्हणजे मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या, वर्गातून बाहेर पडेन आणि मग ज्यांच्या गाड्या ट्रेलरवरून येतात त्यांच्यात जाऊन बसेन. शिवाय पाऊस पडल्यावर चोपड्याच्या रस्त्यावर ब्रेक लावताना मागची बाजू हलकी झालेली घरच्यांना चालणार नाही. जिभाऊंचं म्हणणं, स्पर्धेच्या दिवशी लावू, परतताना काढू. चार नटांचं काम. नियमपत्रिका आली की वर्गाचा रकाना वाचून ठरवू, असं सध्या ठरलंय. तोवर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय, म्हणजे बारचं थोडंफार काम हवेवरच भागतंय.